छोट्या लाईनीचं घर

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्गाचं भंडारा रोड स्टेशन दूर वरठीला. इथल्या चौरास भागातल्या माणसाला दुसरी वाट होती ती पवनीहून भिवापूरकडे. तिथं नागपूर-नागभीड ही छोटी, म्हणजे नॅरोगेज लाईन धावायची आणि तिच्यावर ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ही गाडी बंद झाली. तिच्या पिढीची इंजिनं आणि डबे आता पाहायचे तर नागपूरच्या कडबी चौकाजवळ मोतीबागेत जावं लागतं. तिथं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे.

त्याच्या उद्घाटनाची तारीख 14 डिसेंबर 2002. त्या दिवशी छोटी लाईन इतिहासजमा झालेली नव्हती. नागपूरहून नागभीडला आणि छिंदवाड्याला गाड्या सुटत होत्या, तिकिटं फाटत होती. पुढे 2015 मध्ये छिंदवाडा आणि जबलपूरकडच्या नॅरोगेज गाड्या थांबल्या, चार वर्षांनी नागभीडचीही थांबली. चालू व्यवस्थेतल्या वस्तू भंगारात जाण्याआधीच बाजूला काढून ठेवण्याची ही दूरदृष्टी मोठी आहे. आपल्याकडे ती फार क्वचित दिसते.

इथल्या रुळांवर आधी नजर टाकावी. नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, ब्रॉडगेजचं 1676. म्हणजे निम्म्याहूनही कमी. एवढ्या फरकाने सारा हिशेब बदलतो. रूळ हलका चालतो, पूल लहान पुरतो, वळण तीव्र घेता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज लाईन ताब्यात घेऊन तिचं ब्रॉडगेज केलं. सातपुड्याच्या जंगलात मात्र तिने छोटा रूळच निवडला. गोंदियाहून नैनपूरमार्गे तो 1905 पर्यंत जबलपूरला पोचला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांताचे फार हाल केले होते. आडभागात धान्य पोचवायला स्वस्तात आणि लवकर बांधता येणारी लाईन हवी होती.

आवारात वाफेची इंजिनं उभी आहेत, जवळ जाऊन निरखता येतात. बॉयलरमध्ये पाणी, त्याखाली कोळशाची धग, वाफेच्या दाबाने मागेपुढे सरकणारा दट्ट्या आणि त्याला जोडलेल्या दांड्याने फिरणारी चाकं. डिझेल इंजिनात सगळं पत्र्याआड असतं. इथं एकेक सांधा बाहेरून दिसतो. यंत्र शिकवायला याहून चांगला फळा शोधून सापडणार नाही.

मुलं धाव घेतात ती आवारातल्या लहानग्या गाडीकडे. मोठ्यांनी थोडं थांबावं ते दालनातल्या कंदील, जुनी उपकरणं आणि टोकनयंत्रांपाशी. एकेरी लाईनीवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठीची युक्ती म्हणजे टोकनयंत्र. लगतच्या दोन स्टेशनांवरची यंत्रं विजेच्या तारेने एकमेकांशी बांधलेली असतात. एका यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर निघाला की दोन्ही यंत्रं अडकतात. तो गोळा कुठल्याही एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा ड्रायव्हरच्या हाती असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नाही. चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून तो चालत्या गाडीवर देता-घेता यायचा. शेकडो जिवांची हमी मुठीत मावणाऱ्या त्या गोळ्यात असे.

लोखंड टिकलं, पण गाडीतली माणसं संग्रहालयात कशी येणार? भिवापूरची मिरची, उमरेडचा बाजार, नागपूरच्या कोर्टकचेऱ्या आणि दवाखाने यांच्यासाठी या लाईनीने किती घरांचे हेलपाटे वाहिले! ज्यांनी ते केले ती माणसं आज कोंढा, पवनी, भिवापूर, नागभीडच्या घराघरांत आहेत. गार्ड, पॉइंट्समन, गँगमन म्हणून राबलेलेही आहेत. त्यांचं बोलणं आवाजासकट नोंदवून टोकनयंत्राशेजारी ऐकवायला हवं. हे काम पवनी तालुक्यातल्या शाळांनाही करता येईल: सहलीला मोतीबागेत जाण्याआधी मुलांनी घरच्या आजोबांना, आजींना विचारावं, ‘पवनी रोडला गाडी किती वाजता यायची, तिकीट किती होतं, डब्यात शेजारी कोण बसायचं?’ आणि उत्तरं वहीत उतरवून ती वही सोबत न्यावी.