तालमीचा पैसा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाच्या जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात एक बारीकशी कपात असते: कामगार कल्याण निधी, 25 रुपये. मालक त्यात 75 रुपये घालतो, सरकारही आपला वाटा टाकते. 2024 पर्यंत कामगाराचा हा वाटा फार तर 12 रुपये होता. प्रॉव्हिडंट फंडाच्या मोठ्या आकड्याखाली ही कपात नजरेतही भरत नाही. पण महाराष्ट्रात सामान्य माणसाला प्रेक्षागृहातून उठवून रंगमंचावर नेणाऱ्या ज्या थोड्या व्यवस्था आहेत, त्यांतली एक या चिल्लर रकमेवर चालते.

1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्याने हा निधी आणि तो सांभाळणारे मंडळ जन्माला आले. शिशुमंदिर, शिवणवर्ग, अभ्यासिका ही मंडळाची नेहमीची कामे. त्यांच्या जोडीने ते कामगारांच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, समरगीतांच्या स्पर्धा भरवते. भजनात महिलांचा स्वतंत्र विभाग असतो. कारखान्यातल्या माणसाला घर आणि भाकरी मिळाली की झाले, असे न मानता त्याला पखवाज आणि पेटीही लागते हे ओळखणारा हा कायदा आहे. मला त्याचे मोल फार वाटते. कारण इथे कलेसाठीचा पैसा कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. पाच किंवा अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या आस्थापनेला तो भरावाच लागतो, आणि त्यात स्वतःचेही चार पैसे असल्यामुळे कामगार तिथे हक्काने जाऊ शकतो. मात्र आज ज्यांच्या हातांवर ही वसाहत चालते त्या कंत्राटी कामगारांपैकी किती जणांपर्यंत या स्पर्धांची पत्रके पोचतात, हे मंडळाने आणि कंपन्यांनी स्वतःला विचारायला हवे.

हौशी नाटकाचा खर्च कुठे होतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. प्रयोगाचा दिवस एकच असतो, पण त्याआधी महिना-दोन महिने तालीम चालते. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीचा त्याच वेळी मशीनवर. मग कुणीतरी पाळी बदलून घेतो, कुणी रजा टाकतो, आणि रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात बाके भिंतीला लावून वाचन सुरू होते. वर्गाचे भाडे, शिपायाला थांबवल्याबद्दल त्याचे पैसे, रोजचा चहा, लेखकाचे मानधन, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि त्यासाठी संहितेच्या प्रती. शेवटी नेपथ्याच्या लेव्हल आणि फ्लॅट वाहून नेणारा टेम्पो, प्रकाशयोजना, रंगभूषा. कलाकार एक रुपयाही घेत नाही, उलट खिशातून घालतो. म्हणून ज्याच्या खिशात काही असते तोच पुन्हा पुन्हा स्पर्धेत दिसतो. घरचे आवरून तालमीला येणारी बाई, रोजंदारीवरचा पोरगा, गावाबाहेरच्या वस्तीतून रिक्षाचे पैसे मोजून येणारा माणूस हे सगळे पहिल्या आठवड्यातच गळतात. लोकसहभाग कमी का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

कामगार नाट्यस्पर्धेखेरीज राज्याची हौशी नाट्य स्पर्धाही असते. तिचे एक केंद्र नाशिकला असते, आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नाममात्र तिकिटात रोज नवे नाटक पाहण्याची चैन नाशिककरांच्या कित्येक पिढ्यांनी केली आहे. हे नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे आपल्या ‘सावाना’चे. 1840 साली सुरू झालेल्या वाचनालयाने सभासदांच्या वर्गणीवर आणि देणगीदारांच्या हातावर शहराला रंगमंच द्यावा, ही गोष्ट नाशिकबाहेर अभिमानाने सांगावी अशीच आहे.

महापालिकेच्या महाकवी कालिदास कलामंदिराची कथा वेगळ्या वळणाची. स्मार्ट सिटी योजनेतून त्याचे नूतनीकरण झाले, 2018 मध्ये ते नव्या रूपात उघडले आणि सोबत भाडेही वाढले. शहरातल्या नाट्यकर्मींनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. खुर्च्या आणि ध्वनियंत्रणा उत्तम झाली याचा आनंद आहेच, पण इमारतीवर एकदा केलेला खर्च भाड्यातून वसूल करायचा ठरवला की हौशी संस्थेला दार आपोआप बंद होते. बांधकामाला निधी मिळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. तालमीचे उद्घाटन कोण करणार?

पैसा लोकांपर्यंत कसा न्यावा याचा सगळ्यांत सुंदर धडा याच शहरात आहे. कुसुमाग्रजांना 1987 चे ज्ञानपीठ मिळाले आणि 1990 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभे राहिले. 1991 पासून एक वर्षाआड दिला जाणारा त्याचा जनस्थान पुरस्कार (पहिला विजय तेंडुलकरांना) सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रतिष्ठानचे जे काम मला अधिक थोर वाटते ते ‘ग्रंथ तुमच्या दारी’. 2009 मध्ये विनायक रानडे यांनी ते सुरू केले. शंभर पुस्तकांची एक पेटी एखाद्या सोसायटीत, कार्यालयात, तुरुंगात किंवा रुग्णालयात विनामूल्य जाते. ठरावीक महिन्यांनी पेट्यांची आपसात अदलाबदल होते, म्हणून पुस्तके शिळी होत नाहीत. पैसा येतो तो वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांची स्मृती अशा निमित्ताने देणाऱ्या साध्या माणसांकडून. ही पेटी नाशिकहून निघून राज्यभर गेली, आणि दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांपर्यंतही पोचली. देणाऱ्याला आपला पैसा नेमका कुठे गेला ते कळते, घेणाऱ्याला कुणाच्या पाया पडावे लागत नाही. नाटकाच्या तालमीला असे देणगीदार का मिळू नयेत?

सरकारने द्यायचे तर कसे, याचे एक उदाहरण दूरचे आहे. ब्राझीलमध्ये 2004 साली, गायक जिल्बेर्तो जील सांस्कृतिक मंत्री असताना, सरकारने नवी केंद्रे बांधण्याऐवजी वस्त्यांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या नाच-गाण्याच्या, नाटकाच्या गटांना ‘सांस्कृतिक बिंदू’ म्हणून मान्यता देऊन थेट अनुदान दिले. अडचण आली ती हिशेबाची. मोठ्या कंत्राटदाराला लावायचे नियम दहा माणसांच्या गटाला लावल्यामुळे गट कागदपत्रांत बुडाले. अखेर 2014 मध्ये वेगळा कायदा करून ही प्रक्रिया सोपी करावी लागली. आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्राच्या फेऱ्या मारलेल्या कुठल्याही संस्थेच्या चिटणिसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्यातल्या बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचवायच्या सोंगांच्या उत्सवाची मंडळी तर अशा अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. मुखवटे, वाद्ये, रात्रभराची सोंगे, सगळे गाव आपल्या पदरचे घालून उभे करते.

पैसा नाही असे नाशिकमध्ये म्हणता येणार नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा-उलाढालीच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालये स्पष्टपणे आहेत. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांवर मोठा खर्च होतो आहे. त्या पैशातून आणखी एक भव्य महोत्सव, बाहेरचे नामवंत आणि तीन दिवसांचा मांडव मागायचा मोह होईल. त्याऐवजी मी एवढेच मागेन: महापालिकेच्या शाळांचे काही वर्ग वर्षभर संध्याकाळी सात ते दहा तालमीला विनाभाडे उघडावेत, शिपायाचा भत्ता आणि विजेचे बिल एखाद्या कंपनीने उचलावे, नव्या गटाला पहिल्या दोन प्रयोगांसाठी कालिदासचे भाडे माफ असावे, आणि बोहाड्याच्या गावांना अर्ज न करायला लावता अधिकाऱ्यानेच गावात जाऊन अनुदान द्यावे.