स्वयंचलित पर्जन्यमापक आणि शेतकऱ्याचा विश्वास

अतिवृष्टीनें पीक गेलें, तर पाऊस किती पडला हें ठरविणार कोण? पूर्वीं तहसील कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापकावरून कारकून तें लिहीत असे. आतां तें काम बहुतेक ठिकाणीं यंत्र करितें. महसूल मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे सरकारी मदतीच्या नियमाप्रमाणें अतिवृष्टी धरितात. म्हणून ६४ आणि ६६ यांतील अंतर कागदावर अल्प दिसलें, तरी शेतकऱ्याच्या घरीं तें फार मोठें असतें.

सन २०१७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें खाजगी कंपनीच्या सहभागानें ‘महावेध’ प्रकल्प हातीं घेतला व मंडळागणिक एक याप्रमाणें दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्याचें ठरविलें. लोक ज्यास सेन्सर म्हणतात, त्याचें पावसापुरतें काम साधें आहे. नरसाळ्यांतून उतरलेलें पाणी तराजूच्या पारड्यांप्रमाणें झुलणाऱ्या दोन लहान वाट्यांपैकीं एकींत पडतें. ठराविक पाणी भरतांच ती वाटी कलून रिकामी होते व दुसरी तिच्या जागीं येते. प्रत्येक वेळीं लोहचुंबकाच्या योगें विजेचा एक संकेत उमटतो. त्या संकेतांच्या मोजणीवरून पाऊस निघतो. यांत गूढ कांहीं नाहीं. तथापि नरसाळ्यांत पान अडकलें किंवा कोळ्यानें जाळें विणलें, तर पाऊस पडूनही आंकडा कमी येतो. मुसळधार सरींत वाटी कलतांना थोडें पाणी न मोजतांच निसटतें.

मी महसूल खात्यांत असतांना रोज सकाळीं साडेआठ वाजतां कांचेच्या मापांत पाणी ओतून मोजीत असें. एके वर्षीं आषाढांत चार शेतकरी ‘आंकडा खोटा’ म्हणत कचेरींत आले. वाद न घालतां मीं त्यांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं बोलाविलें व माप त्यांच्याच हातीं दिलें. पुढें तक्रार आली नाहीं. कुंपणाआडच्या यंत्राचें माप असें कोणाच्या हातीं येत नाहीं. संशयाचें मूळ येथें आहे. त्यास शेतकऱ्याचें अज्ञान म्हणणें अन्यायाचें होय.

उपाय कांहीं अंशीं आपल्याही हातीं आहे. तोंड व तळ सारखा असलेला सरळ डबा मोकळ्या जागीं ठेवावा. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी. रोज साडेआठ वाजतां आंत पट्टी उभी धरून पाणी मोजावें, वहींत लिहावें व डबा रिकामा करावा. कृषि खात्याच्या संकेतस्थळावर मंडळवार पाऊस प्रसिद्ध होतो, त्याच्याशीं ताडून पाहावें. एखाद्या दिवसाच्या फरकानें यंत्र खोटें ठरत नाहीं. मावळांत झड लागलेली असतां आमच्या सांगवींत ऊन पडलेलें मी अनेकदां पाहिलें आहे. परंतु केंद्राजवळच्या वहींत फरक सतत एकाच बाजूस पडूं लागला, तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा.

सरकारनेंही यंत्राची तपासणी गांवकऱ्यांसमक्ष करावी व तिची तारीख केंद्राच्या फाटकावर लिहावी. ज्या मापाची पडताळणी करितां येते, त्याचा निवाडा आपल्याविरुद्ध गेला तरी शेतकरी तो मान्य करितो.