बाबांचा व्हिसा आणि संत्र्याची बाग

"मी का तिथं राहाले चाललो?" व्हिसा नाकारल्याचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं.

माझी ताई जर्मनीत असते. तिच्या बाळाला पाहायला आई-बाबांना पाठवायचं म्हणून मागच्या वर्षी मी दोघांचे अर्ज भरले. तिकिटांचं आरक्षण, विमा, बँकेचे हिशोब, ताईचं निमंत्रण, सगळं जोडलं. उत्तर आलं ते असं: अर्जदार मुदतीत परत जातील याची खात्री वाटत नाही. प्रत्येकी ९० युरो शुल्कही गेलं. ते परत मिळत नाही.

राग ओसरल्यावर फाईल पुन्हा उघडली. बाबा जर्मनीला का जाणार, हे मी दहा कागदांनी सांगितलं होतं. सौंसरला परत का येणार, यासाठी एकच कागद होता: बागेचा खसरा, तोही हिंदीत, भाषांतराशिवाय.

पत्त्याचाही घोळ होता. जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा, नव्यांवर पांढुर्णा. हा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, हे दूरच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? आजी असती तर हसली असती. १९५६ पर्यंत तिची राजधानी नागपूर होती. मग घर जागचं न हलता ती भोपाळ झाली!

दुसऱ्या वेळी खसरा आणि बी-१ यांचं इंग्रजी भाषांतर जोडलं, संत्रा विक्रीच्या पावत्या लावल्या. सोबतच्या पत्रात जिल्हा बदलल्याचं दोन ओळींत लिहिलं आणि पुढे साधी गोष्ट सांगितली: ऑक्टोबरपासून आंबिया बहराची तोड सुरू होते, त्याआधी बाबांना बागेत असावंच लागतं. म्हणून जूनमध्ये जाऊन ऑगस्टअखेर परत.

या वेळी व्हिसा मिळाला.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण आई-वडिलांचे अर्ज भरत असाल. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर आणू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने उरलेली असावी. कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त नको. पैसे भरून पक्की तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.

आणि एक काम अर्जाच्या आधी करा. आई-बाबांजवळ बसून विचारा, तुम्हाला घरी परत कशासाठी यायचंय? उत्तर त्यांच्याजवळ तयार असतं. आपण ते कागदावर आणायला विसरतो.

जर्मनीत पोहोचल्यावर बाबांचा पहिला फोन आला. नातवाचं कौतुक दोन मिनिटं झालं. मग म्हणाले, "तिकडं पानी आला का? फळगळ तं नाही लागली?"