खाडीच्या दोन काठांवरचं दप्तर

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरलेला पाहुणा आधी कळंगुटची बस शोधतो. चार पावलं उलट चाललं तर पाट्टोला संस्कृती भवन लागतं. त्यात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. इमारत २०१२ची, ग्रंथालय मात्र १८३२चं. मधली कथा थोडक्यात अशी : पोर्तुगीज व्हाइसरॉयने सुरुवात केली, धर्मसंघ बंद पडल्यावर मठांतली पुस्तकं इथे आली आणि पुढे बिऱ्हाडं बदलत गेली.

आत लिफ्ट आहे, गारवा आहे, भिंतींवर मारिओ मिरांडांच्या रेषांतली गोव्याची माणसं आहेत. बहुतेक टेबलांवर मात्र स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. औरंगाबादजवळच्या करमाडच्या अभ्यासिकेतही हेच चित्र दिसेल.

जुन्या कागदांचं घर दुसरीकडे. ओरेम खाडीच्या पलीकडल्या काठाला, रुआ द ओरेमवर, पुराभिलेख खातं वर्षानुवर्षं नांदलं. त्याचा पहिला राखणदार दियोगु दु कोतु. हा गडी शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला. १५६९मध्ये मायदेशी परतताना मोझांबिकमध्ये त्याला कवी कामोंइश भेटला, तो मित्रांच्या आधारावर जगत होता. मंडळींनी वर्गणी काढून त्याला लिस्बनला नेलं. कोतु पुन्हा गोव्यात आला आणि १५९५मध्ये सरकारी दप्तर त्याच्या हाती आलं. ग्रंथालय पूर्वी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. तिथे प्रवेशदालनात कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग निळ्या फरशांवर रंगवलेले आहेत. कवी पुस्तकांच्या जुन्या घरी राहिला आणि त्याचा दोस्त दप्तराच्या घरी.

मराठी वाचकाला हे दप्तर परकं नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य त्यात घालवलं. पोर्तुगीज कागदांच्या जोडीला त्यांनी मराठी पत्रं लावली आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' लिहिलं. एका बाजूची पत्रं वाचून इतिहास लिहिण्याची सोय त्यांनी कायमची मोडून टाकली, असं म्हणायला हरकत नाही.

छापील पुस्तक एका दारात आणि अस्सल कागद दुसऱ्या दारात, ही हेलपाट्यांची व्यवस्था इतरत्रही आहे. कॅनडात ओटावा शहराने मात्र आपलं वाचनालय आणि देशाचं अभिलेखागार एकाच नव्या इमारतीत, 'आदिसोके'त, आणायचं ठरवलं. तिथे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला जिना चढून आजोबांच्या काळचा कागद मागता यावा, असा त्यामागचा हिशेब दिसतो. आपल्याकडे अंतरं लांब. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली दख्खनची मोगल दफ्तरं पूर्वी औरंगाबादेत होती, आज ती हैदराबादला आहेत. करमाडच्या माणसाला आपल्याच परगण्याचा मोगली कागद पाहायचा तर सिकंदराबादची गाडी धरावी लागते.

पणजीत तेवढी तरी गरज नाही. पाट्टोहून ओरेम ओलांडायला पायपूल आहे.