वाचनाचा जमाखर्च

यवतमाळात १९७३ व २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा प्रसंगी ग्रंथ उत्साहाने घरी येतात. परंतु वाचलेला ग्रंथ सार्थ ठरला का, याचा हिशेब पेढीवरील व्यापारीही क्वचितच मांडतो.

एका जैन जवाहिऱ्याने तो मांडला. बनारसीदासांनी (जन्म १५८६) तारुण्यात रचलेले सहस्र पद्यांचे शृंगारकाव्य असत्याने भरलेले आहे, हे उमगताच गोमतीत सोडले. पुढे आग्र्यात व्यापार बुडाला, तेव्हा ते रात्री दहा-वीस श्रोत्यांना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ वाचून दाखवीत. त्यांतील एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले. १६४१ च्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात दोन्ही नोंदी निःसंकोच आहेत.

दुकान बंद झाल्यावर घरातील प्रत्येकाने हाती असलेल्या पुस्तकाविषयी बोलावे. ते जमेस धरावे की खर्ची टाकावे, हेही निर्भयपणे सांगावे.