सीनिअर झालात? पण म्हणजे नेमकं काय झालात, बॉस?

एप्रिल महिना. अप्रेझलचं पत्र मेलमध्ये येऊन पडतं. आधी नजर जाते टक्केवारीवर, मग पदावर. ‘सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर’! लगेच घरी फोन, टीमला कॅन्टीनमध्ये समोसे, लिंक्डइनवर पोस्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डेस्क तेच, खुर्ची तीच आणि कोडही तोच. मग बदललं काय?

माझ्या बाबतीत याचं उत्तर पत्रानं दिलंच नाही. ते मिळालं त्याच्याही आधी, एका शुक्रवारी संध्याकाळी. नोकरीचं चौथं वर्ष होतं. हिंजवडीहून सहाची कंपनीची बस पकडायची म्हणून मी घाईघाईत एक ‘छोटासा’ बदल लाइव्ह करून टाकला. दोनच ओळींचा. दोन ओळींना कसलं टेस्टिंग? बस वाकडला पोचते न पोचते तोच फोन. क्लायंटची बिलं दोन-दोनदा निघत होती! जाम लोच्या. आणि खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो क्लायंटचा नव्हता. ‘हे माझ्यामुळे झालंय हे कुणाला कळेल का?’ हा होता.

आमच्या टीम लीडनं एकच विचारलं, ‘‘शेवटचा बदल कुणाचा?’’

मी तीन सेकंद गप्प. मग म्हटलं, ‘‘माझा.’’

‘‘बरं झालं सांगितलंस. मी जुनी आवृत्ती परत चढवते. कारण सोमवारी शोधू.’’

वीस मिनिटांत नवी चुकीची बिलं निघायची थांबली. मी गप्प बसलो असतो तर चार जणांची अख्खी रात्र शोधाशोधीत गेली असती. सोमवारी तिनं मला झापलं नाही. एक पान लिहायला लावलं : काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. वर विचारलं, ‘‘टेस्ट न झालेल्या दोन ओळी आपल्याकडे लाइव्ह जाऊच कशा शकतात?’’ माझं डोकं त्या दिवशी ताळ्यावर आलं.

चुकतात सगळेच

‘गिटलॅब’चं उदाहरण बघा. जगभरातले डेव्हलपर्स जिथे आपला कोड ठेवतात, अशी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका इंजिनिअरनं चुकून भलत्याच सर्व्हरवरचा, म्हणजे चालू डेटाबेस उडवला. सुमारे ३०० जीबी! बॅकअपच्या सोयी एक सोडून अनेक होत्या, पण ऐन वेळी त्या कामाला आल्या नाहीत. साधारण सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज घेऊन ठेवलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

पुढे काय झालं? कंपनीनं दुरुस्तीचं काम यूट्यूबवर चक्क लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यात बोट होतं ते माणसाकडे नाही, पद्धतीकडे. बॅकअप चालतोय की नाही हे नियमित तपासणं ही कुणा एकाची जबाबदारीच नव्हती! नेमकी अशी बेवारस जबाबदारी जो हुडकतो आणि उचलतो, तो सीनिअर.

‘कसं’च्या आधी ‘का’

समजा, सेल्सवाल्यांना स्क्रीनवर ‘एक्सेलमध्ये उतरवा’ असं एक बटण हवंय. ज्युनिअर लगेच हेडफोन लावतो आणि दोन दिवसांत बटण तयार. सीनिअर आधी चहाला घेऊन जातो आणि विचारतो, ‘‘त्या एक्सेलचं तुम्ही करता काय?’’ कळतं असं, की दर सोमवारी ते त्यातून फक्त एक बेरीज काढतात. मग ती बेरीजच स्क्रीनवर दाखवली की झालं! काम दोन तासांचं, आणि पुढची पाच वर्षं सांभाळायला कोडही कमी.

‘होऊन जाईल’ म्हणू नका

आपला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घातक शब्द. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात सांगून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर तो आणखी लांबतो. कारण सोपं आहे. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलाबोली वाढते. पाच जणांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५! म्हणून ‘मला हे जमत नाहीये, वेळ लागेल’ हे डेडलाइनच्या आदल्या रात्री नाही, पहिल्याच आठवड्यात सांगा. ते कमीपणाचं नाही. मॅनेजरला त्या माहितीचं काहीतरी करता येतं.

आणि एआय?

आता कोड तर एआयसुद्धा लिहून देतं, तेही मिनिटभरात. पण रात्री दोनला सिस्टिम कोसळली की फोन तुम्हालाच येणार. तेव्हा साधा नियम : जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती पुढे पाठवू नका, मग ती कुणीही लिहिलेली असो.

या आठवड्यात करून बघा

- दुसऱ्याचा कोड तपासताना ‘हे चूक आहे’ऐवजी ‘असं का केलंस?’ असं विचारा. कधीकधी उत्तर बरोबर निघतं!
- जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते एका पानावर लिहून ठेवा. सुट्टीवर गेल्यावर फोन येणार नाही.
- मीटिंगमध्ये एकदा तरी बिनधास्त म्हणा, ‘‘मला हे कळलं नाही.’’ शेजारी बसलेला फ्रेशर मनातल्या मनात थँक्यू म्हणेल.
- शुक्रवारी संध्याकाळी काहीही लाइव्ह करू नका. करायचंच असेल तर बस चुकू द्या.

माझ्या पत्रावर ‘सीनिअर’ छापून यायला त्यानंतर आणखी दीड वर्ष लागलं. मध्यंतरी एका संध्याकाळी टीममधल्या नव्या मुलाचा फोन आला. आवाज थरथरत होता. ‘‘सर, बहुतेक माझ्यामुळे...’’

मी म्हटलं, ‘‘बरं झालं सांगितलंस. आधी जुनी आवृत्ती चढवू.’’