बहिणाबाईंना शोभेल असे मुखपृष्ठ

पुस्तकांच्या दुकानात ग्राहकाची नजर एका पुस्तकावर क्षणभरच ठरते. तेवढ्यात मुखपृष्ठाने पुस्तकाची ओळखही पटवायची असते आणि कुतूहलही जागवायचे असते. नुसती ओळख दिली, तर पुस्तक त्याच जातीच्या इतर पुस्तकांत हरवते; नुसते कुतूहल चाळवले, तर चार पाने उलटून वाचक ते पुन्हा फळीवर ठेवतो. हा तोल सांभाळणे किती अवघड आहे, हे जळगावजवळच्या असोद्याच्या कन्येच्या कवितासंग्रहावरून चांगले समजते.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्यात झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्या रचत गेल्या. पुत्र सोपानदेव व आप्तांनी त्यातले काही टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ती वही आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. अत्र्यांना मोहात पाडायला चित्राची गरज भासली नाही. सामान्य ग्राहकाला मात्र अशी वही कोणी उघडून दाखवत नाही.

या संग्रहासाठी चित्रकाराला प्रथम काय सुचेल? जाते, चूल, मोट, सुगरणीचा खोपा, डोईवर पदर घेतलेली स्त्री. ओळख चटकन पटते, आणि धोकाही तिथेच आहे. जात्यावरची बाई दिसताच वाचक पुस्तकाला ‘लोकगीते’ म्हणून बाजूला काढतो. या कविता तर अनाम परंपरेतून आलेल्या ओव्या नव्हेत. तरुण वयात वैधव्य आलेल्या, मन, संसार आणि मरण यांवर स्वतःच्या बुद्धीने विचार करणाऱ्या एका स्त्रीच्या त्या रचना आहेत. हा भेद पुसणारे मुखपृष्ठ कितीही देखणे असो, ते कवयित्रीचे नावच पुसते.

मराठीत चित्राची ओढ जुनी आहे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या रंगांनी वाचकांच्या पिढ्या वेडावल्या, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु चित्राविनाही पुस्तक डोळ्यांत भरते. १९३५ मध्ये इंग्लंडातील पेंग्विनने स्वस्त पुस्तकांवर केवळ तीन आडवे पट्टे आणि अक्षरे छापली. नारिंगी म्हणजे कथा-कादंबरी, हिरवा म्हणजे रहस्यकथा, हे वाचकांना लवकरच पाठ झाले. आपल्याकडे कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत दाखवून दिले, की नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षराच्या वळणातून सांगता येतो. देवनागरीला शिरोरेघ आहे, वर वेलांटी, खाली उकार. कसबी हाताला एवढे भांडवल पुष्कळ. काळ्या मातीच्या रंगावर ठसठशीत, किंचित खडबडीत अक्षरांत ‘बहिणाबाई’ एवढेच लिहिले, तरी ते जात्याच्या चित्रापेक्षा अधिक बोलेल, असे मला वाटते.

आता पुस्तके मोबाइलच्या पडद्यावरही निवडली जातात. टपाल तिकिटाएवढ्या चित्रात बारीक कलाकुसर नाहीशी होते. उरतात ते अक्षर आणि रंग. ग्रंथालयात तर कपाटातून कणाच काय तो दिसतो, आणि आपल्या प्रकाशकांचे दुर्लक्ष बहुधा त्याच्याकडेच असते. हाताळून जीर्ण झालेल्या प्रतीला नवी बांधणी केली, की मूळ मुखपृष्ठही अनेकदा जाते. मग कापडी पाठीवर ग्रंथपालाने हाताने लिहिलेले नाव पाहून वाचक पुस्तक मागून घेतो.